मदत हवी आहे: कव्हर्ड बाँडचं तारण खरंच वेगळं राहतं का?

नमस्कार मंडळी. कव्हर्ड बाँड म्हणजे कंपनीचे असे रोखे, ज्यांच्या परतफेडीसाठी कर्जांचा एक संच तारण म्हणून वेगळा काढलेला असतो. सांगली-मिरजेत डिबेंचर ट्रस्टीचं (रोखेधारकांचं हित जपणाऱ्या संस्थेचं) किंवा कर्ज-करारांचं काम केलेले कुणी सीए, सीएस, वकील आहेत का?

जर्मनीत असं तारण वेगळं राहावं यासाठी कायदाच आहे. घर-जमिनीच्या तारणमूल्याच्या 60 टक्क्यांपर्यंतचंच कर्ज हिशेबात धरतात, तारणाच्या नोंदवहीवर स्वतंत्र माणूस नेमतात. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार पुढच्या 180 दिवसांच्या देण्यांपुरती रोकड-तरतूद लागते. आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून सगळी मदार करारावर.

इथं एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) सोनेतारण किंवा वाहनकर्जांचा संच ट्रस्टकडे वर्ग करते आणि ट्रस्ट गुंतवणूकदारांना हमी देतो. कंपनी बुडाली तर संचातल्या हप्त्यांवर हक्क राहावा, हा हेतू. पण वर्ग करणं कायद्यानं कच्चं असेल तर तोच संच कंपनीच्या इतर कर्जदात्यांच्या वाटणीत ओढला जाऊ शकतो. खरी मेख इथंच आहे.

माहितीपत्रकात ‘तारण 1.15 पट’ (म्हणजे रोख्यांच्या देण्याच्या 1.15 पट) एवढंच लिहिलं असेल, तर थकलेली खाती वगळून की धरून, हे कुठल्या कलमात शोधायचं? थकलेली खाती बदलून चांगली घालायची मुदत कुठं असते? वर्ग करण्याबद्दलचं वकिलांचं मत ट्रस्टीकडून मागता येतं का?

बँक ठेवीसारखं 5 लाखांचं विमासंरक्षण इथं नाही. त्यामुळं निवृत्तीचे पैसे घालण्याआधी नक्की उत्तर हवं आहे.