मेमधला पाऊस, तापलेला पत्रा आणि उन्हाळ कांदा: चाळीत काय बदलावं?

प्रश्न – येवला_एफपीसी
आमच्या उत्पादक कंपनीकडे 25 टनी, दोन पाखी (कांदा भरायच्या दोन रांगांच्या) चार कांदाचाळी, म्हणजे हवेशीर साठवणीच्या शेड आहेत. लोखंडी पत्रा, तळ जमिनीपासून 1 फूट, पाखीची रुंदी साडेपाच फूट, बाजूंना वेल्डमेश (तारेची जाळी). एप्रिलमध्ये पत्रा भट्टीसारखा तापतो, आणि 2025 सारखा मे आला की काढणी चालू असतानाच पाऊस. मग काजळी (काळी बुरशी), मधल्या थराची सड. चाळी सुधाराव्यात, पंखे बसवावेत की शीतगृहाकडे वळावं? सभासदांचा माल एकत्र पडतो, एकाचा ओला कांदा सगळ्यांना भोवतो.

चाळ_बांधणी, निफाड
भाऊ, आधी रुंदी. साठवलेला कांदा श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो. पाखी 4 फुटांची असेल तर मधल्या कांद्यापासून जाळी 2 फुटांवर असते. साडेपाच फुटांत मधला थर कोंडतो, सड तिथूनच सुरू होते. आतून बांबूची चौकट बसवून 4 फुटांवर आणा, थर 5 फुटांच्या वर नको. प्रत्येक चाळीत सहा-सात टन कमी मावेल. ती घट पत्कराच.

तळ किमान दीड ते 2 फूट हवा. खालची माती खोदून पोकळी वाढवू नका, पावसाचं पाणी तिथेच साचेल. विटांच्या खांबांवर फळ्या उचला, दोन फळ्यांत बोटभर-दोन बोटं फट ठेवा, आणि खाली क्रेट, बारदान काहीही कोंबू नका. हवा खालून शिरते आणि वर निघते, हा मार्ग बंद झाला की बाकी सगळं व्यर्थ.

पत्रा बदलणं परवडत नसेल तर त्यावर उसाचं पाचट पसरून जाळीने बांधा. वायरिंग त्यापासून लांब. वळचण 3 फूट बाहेर काढा. नवी चाळ बांधाल तेव्हा सिमेंट पत्रा किंवा कौल घ्या. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम लांब ठेवतात, एक पाखी दक्षिणोत्तर.

पावसाच्या बाजूला ताडपत्री गुंडाळता येईल अशी लावा. पाऊस थांबला की लगेच वर करा. रात्रभर बंद राहिली तर आत दमट कोंडतं आणि काजळी धरते.

कांदा_शेतशाळा, कळवण
वरचं सगळं बरोबर, पण टिकवण शेतातच ठरते. रोप लावून 60 दिवस झाले की युरिया बंद, नाहीतर मान (पात निघते ते कांद्याचं टोक) जाड राहते आणि ती वाळतच नाही. काढणीआधी 10–15 दिवस पाणी तोडा. निम्मी पात पडली की काढा. पूर्वी 3–4 दिवस शेतात ओळीने, पातीने कांदा झाकून वाळवायचे. पुढेही ते कराच, पण ढग दिसले की थांबू नका. 3–4 सेंटिमीटर मान ठेवून पात कापा आणि माल छपराखाली न्या. तिथे फूट-दीड फुटाचा पातळ थर करून 10–12 दिवस सुकवा. चाळीपेक्षा या सुकवणीच्या शेडवर आधी खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. शेतात पोळ (ढीग) घालून वर प्लास्टिक टाकणं सर्वांत वाईट, आत घाम सुटतो.

डिसेंबरअखेर लागवड उरकली तर बरीचशी काढणी मेच्या आधी निघते. टिकाऊ वाण घ्या: एन-2-4-1, भीमा शक्ती, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड.

साठवण_तंत्र, लासलगाव
पंखा उपयोगी, पण समज हवी. तळाखाली छिद्रांचा पाइप टाकून हवा ढकलायची. आर्द्रतामापक घ्या. बाहेर 70 टक्क्यांच्या आत असेल तेव्हाच चालवा. पावसाळी रात्री पंखा लावला तर दमट हवा ढिगात जाते.

शीतगृहाबाबत: कांदा एकतर 0–2 अंशांत टिकतो, नाहीतर 25–30 अंशांत. मधल्या 10–20 मध्ये कोंब झपाट्याने येतात, त्यामुळे 0–2 मधून काढलेला माल लगेच विकावा लागतो. लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' केंद्रात विकिरण (कांद्यावर किरणांची प्रक्रिया) होतं, त्याने कोंब थांबतात, सड थांबत नाही. ओला माल तिथे नेऊन काही साधणार नाही.

येवला_एफपीसी
आवक घेताना ओला कांदा ओळखायचा कसा? सभासदाला परत पाठवताना वाद होतात.

कांदा_शेतशाळा, कळवण
तपासणी सगळ्यांसमोर करा. प्रत्येक ट्रॉलीच्या वरून, मधून, तळातून मूठभर कांदे काढा. मान अंगठ्याने दाबा: मऊ लागली, सरकली किंवा ओल आली की तो माल चाळीत नाही. जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे, मार लागलेले वेगळे काढा, ते आठवड्यात विका. ट्रॉलीतून 3 फुटांवरून ओतू नका, मार लागलेला कांदा आधी सडतो. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, पाटीवर गट नंबर आणि काढणीची तारीख. एका कप्प्यातून वास किंवा पाणी आलं की तेवढाच उपसा. मागच्या हंगामाची सालं आणि माती मात्र भरण्याआधी संपूर्ण झाडून काढा, काजळीचं बीज त्यातच असतं.