बर्नआउटला चोचले म्हणणाऱ्या पोस्टला माझं उत्तर

सातपूर_क्यूसी:
परवा इथे एका भाऊंनी लिहिलं की बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून संपून जाणं, हे आयटीवाल्यांचे चोचले आहेत, आमच्या वडिलांनी 35 वर्षं शिफ्ट केली त्यांना काही झालं नाही, शनिवार-रविवार इगतपुरीला जाऊन या म्हणजे सोमवारी ताजेतवाने. वाचून डोकं सणकलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

मी आयटीत नाही. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, सुटे भाग बनवणाऱ्या एका वेंडरकडे क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या कामात आहे, 11 वर्षं झाली. मागच्या वर्षी ऑडिटच्या आधी दोन महिने एक सुट्टी नाही. आता थकवा मला कळतो, थकवा झोपलं की उतरतो. हे तसलं नव्हतं. एके दिवशी हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन), एकच जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा रिपोर्टवर लिहायच्या आत डोक्यातून गेला. मग मी न मोजताच वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला. आणि मला काहीच वाटलं नाही. 20 मायक्रॉनच्या फरकासाठी सुपरवायझरशी भांडून अख्खा लॉट अडवणारा माणूस मी! घरी येताना आयटीआय सिग्नलला हिरवा लागून गेला तरी मी उभाच, मागचे हॉर्न मारतायत. त्या रात्री खरा घाबरलो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटबद्दल हेच लिहिलंय, अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण वेळेत न आवरल्याने होणारी गोष्ट म्हटलंय. म्हणजे मूळ कामात आहे. इगतपुरी मीही केली हो. रविवारी घोटीजवळ पोचलो तोच कंपनीच्या ग्रुपवर मेसेज, "उद्या 7 ला रिजेक्शन मीटिंग", आणि पोटात गोळा.

अंबडकर_72:
ती पोस्ट माझी. वडिलांबद्दल लिहिलेलं एक अक्षर मागे घेणार नाही. तीन शिफ्ट, सायकलवर, सिडकोतून. तुम्ही लोकांनी साध्या कंटाळ्याला इंग्रजी नाव दिलंय.

सातपूर_क्यूसी:
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहेच दादा. पण त्यांचा भोंगा वाजला की कंपनी संपायची. रात्री 11 ला साहेबाकडून जॉबच्या कडेला राहिलेल्या धारेचा फोटो यायचा का, "हा बर्र कोणी सोडला" म्हणून?

निफाडकर_बाग:
तुमची भांडणं चालू द्या पण एक सांगा, द्राक्षाच्या बागेला रविवार असतो का? एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मधे पाऊस आला की डाऊनी (बुरशीचा रोग), रात्री 2 ला उठून फवारणीचा ब्लोअर जोडायचा. माल तयार झाल्यावर पाऊस पडला की मणी तडकतात. मग व्यापारी येतो आणि भाव पाडतो, आमच्या शेजाऱ्याचे तर पैसे घेऊन पळाला. आम्ही कोणाकडे सुट्टी मागायची?

पाथर्डी_फाटा:
द्राक्षवाल्यांनी तरी बोलू नये, बंगले आणि मोठ्या गाड्या कोणाच्या आहेत ते महामार्गावर दिसतं. आम्ही फ्लॅटच्या हप्त्यासाठी ओटी (ओव्हरटाइम) करतो.

निफाडकर_बाग:
या एकदा बागेत! एका एकराला किती कर्ज उभं राहतं ते दाखवतो, मग गाड्या मोजा. दोन लोकांची गाडी बघून अख्ख्या तालुक्याला श्रीमंत करून टाकलं.

अंबडकर_72:
बघा, हे खरे कष्ट. हा माणूस बर्नआउट म्हणतोय का?

निफाडकर_बाग:
माझं नाव घेऊन त्यांना टोमणे मारू नका. ऐका आता. माझा मोठा भाऊ, 20 वर्षं बाग त्याच्या हातात. दोन वर्षांपूर्वी छाटणीनंतर महिनाभराने बागेत जायचाच बंद झाला. ओट्यावर बसून राहायचा. घडांवर डाऊनी दिसतोय, मी ओरडतोय, तो म्हणाला "जाऊ दे, तसंही काय होणारे". अर्धा माल गेला. मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो, वहिनीसमोर. अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

नर्स_नाईट_ड्युटी:
वाचून थांबले. दादा, याला चोचले म्हणू नकाच पण सरसकट बर्नआउट पण म्हणू नका. मी वर्षभर म्हणत होते नाईट ड्युटीने असं होतंय, निघाला थायरॉईड. आधी रक्त तपासा, हिमोग्लोबिन, बी12, साखर. आणि कामच काय, जेवण, माणसं, कशातच मन नसेल, जगून काय करायचं असे विचार असतील तर ते डिप्रेशन असू शकतं, डॉक्टर लागतो. 14416 टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

पाथर्डी_फाटा:
तपासणी ठीक आहे ताई. पण 1948 च्या कारखाना कायद्यात, जो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता, आठवड्याला 48 तास आणि ओटीला दुप्पट पगार लिहिला होता, तरी मला पैशाऐवजी कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) देतात आणि तोही घेऊ देत नाहीत. त्यात सप्टेंबर 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे 9 चे 12 तास करायला मंजुरी दिली. मग ध्यान करा, योगा करा हे कोणाला सांगताय?

सातपूर_क्यूसी:
योगा मी म्हटलेलंच नाही. मला तीन गोष्टींनी फरक पडला, जनरल शिफ्ट मागून घेतली, सकाळी 8 पर्यंत ग्रुप बंद, आणि रिपोर्टवर दुसऱ्या माणसाची सही. पहिले दोन महिने काहीच फरक नाही, उलट मोकळा वेळ खायला उठायचा. साधारण पाचव्या महिन्यात एक जॉब चुकीचा दिसला आणि मला राग आला. राग आला म्हणून बरं वाटलं.

अंबडकर_72:
चोचले शब्द जरा जास्त झाला, तेवढं मान्य. वडील रिटायर झाल्यावर वर्षभर घराबाहेर पडले नव्हते, आम्ही म्हणायचो आराम करतायत. बाकी पोस्ट तशीच राहील.

निफाडकर_बाग:
ताई, तो नंबर भावाला दिला तर बोलेल का? तो फोनवर "हां" च्या पुढे बोलत नाही.

नर्स_नाईट_ड्युटी:
आधी तुम्ही लावा, घरचे बोलले तरी चालतं. मग शेजारी बसून त्याला लावून द्या. पण त्याआधी वहिनीसमोर बोललेलं वहिनीसमोरच परत घ्या.

निफाडकर_बाग:
फवारणी आटोपली की जातो.

सातपूर_क्यूसी:
फवारणीच्या आधी जा दादा.

निफाडकर_बाग:
बरं. तो ओट्यावरच आहे आत्ता.