हृदय कमकुवत असताना किती चालावे?

प्रश्न (परभणी): वडिलांच्या हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, परंतु आई भीतीपोटी त्यांना अंगणाबाहेर जाऊ देत नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर १ (लातूर, फिजिओथेरपिस्ट): आईंची भीती समजण्यासारखी आहे, तथापि हृदय कमकुवत असलेल्या २,३३१ रुग्णांवरील ‘एचएफ-ॲक्शन’ या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थिर प्रकृतीच्या रुग्णांसाठी देखरेखीखालील व्यायाम सुरक्षित आढळला. सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम वाढला तर लगेच थांबावे. थांबूनही त्रास राहिला तर तातडीने रुग्णालय गाठावे.

उत्तर २ (नांदेड): मी स्वतः याच आजाराचा रुग्ण आहे. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, म्हणून मी सूर्योदयापूर्वीच चालतो. पाणी किती प्यावे हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. रोज सकाळी वजन नोंदवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा पाय सुजले, तर चालणे थांबवून डॉक्टरांना कळवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्यापासून आईही त्यांच्यासोबत चालणार आहे.