बारोक, क्लासिकल, रोमँटिक: नुसतं ऐकून कसं ओळखायचं?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. पुतणी पियानोच्या क्लासला जाते, ग्रेडची परीक्षा आलीय, तिथं पाश्चात्त्य संगीताचा तुकडा ऐकवून कुठल्या काळातला ते विचारतात म्हणे. मी भजनात पेटी वाजवतो, सूर कळतात, पण बाख आणि मोझार्ट मला सारखेच वाटतात ओ. बारोक १६०० ते १७५० वगैरे सनावळी तिची पाठ आहे, पण कानानं धरायचं काय?

पांढरीचार:
दादा, बाख बारोकचा, मोझार्ट क्लासिकलचा. पेटीवाले आहात ना, मग डावा हात ऐका. मोझार्टचा १७८८चा सी मेजर सोनाटा लावा, पांढरी एकचा सा धरा. सुरुवातीलाच डावा हात सा प ग प, सा प ग प असा फिरतो, ह्याला अल्बर्टी बास म्हणतात, आणि वर एकच स्वच्छ चाल. आता बाखचं पहिलं इन्व्हेन्शन, म्हणजे दोन हातांचा छोटा तुकडा, लावा. उजवा हात म्हणतो सारेगम रेगसाप, आणि तो पुढं सरकतो न सरकतो तोच डावा खालच्या सप्तकात तेच म्हणतो. इथं साथीला कुणीच नाही, दोघंही गातायत, आणि जवळजवळ शेवटपर्यंत कुणी थांबत नाही.

सूरवेडी:
आवाजाकडेही लक्ष द्या. हार्पसिकॉर्ड म्हणजे बारोक काळातलं पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य, त्यात तार छेडली जाते, बोट कसंही मारा आवाज तेवढाच. पियानोत हातोडी पडते म्हणून हळूहळू चढवता येतो. बारोकमध्ये आवाज चढत नाही, सोपं आहे.

काळीदोन:
ताई, असं सरसकट नको सांगू पोरीला. व्हायोलिनवाले नि गाणारे तेव्हाही आवाज कमीजास्त करायचेच, ती अडचण हार्पसिकॉर्डची.
रोमँटिकसाठी शोपॅनचं ई फ्लॅट नॉक्टर्न (पियानोचा संथ तुकडा) ऐकवा, १८३२ला छापलेलं. डाव्या हातात खाली एक सूर, मग वर दोन कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर), पायातल्या पेडलनं सगळं एकात एक मिसळतं. उजवा हात लयीच्या जरा मागंपुढं रेंगाळतो तो रुबाटो, आणि तीच ओळ परत आली की नव्या हरकती घेऊन येते. आपल्या कानाला हे लगेच आवडतं बघा.

जुळेसोलापूरकर:
सारेगम रेगसाप पेटीवर काढलं, अलंकारच की हो हा! रोमँटिकनंतरच्या त्या फ्रेंच डेब्युसीचं पण सांगा कुणीतरी, तिच्या यादीत आहे.

पांढरीचार:
त्याचा व्वाल (Voiles) हा पियानोचा तुकडा ऐका. बरंचसं सा रे ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि एवढ्यावरच चालतं. पंचमच नाही, शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे सा कुठंय तेच कळेनासं होतं. पेटीवर सा दाबून धरून वाजवू नका, ती गंमत जाते.