अनुभव धागा : इन-स्टेट, आउट-ऑफ-स्टेट आणि आपण

धागाकर्ती

मुलीची इथल्या, अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांची ॲडमिशनची पत्रं यायला लागली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आलं. एकच वर्ग, एकच प्रोफेसर, पण शेजारी बसणाऱ्या पोराची फी हिच्या निम्म्याहून कमी. कारण काय, तर त्याचं घर राज्याच्या हद्दीच्या आत, म्हणून तो इन-स्टेट आणि ही आउट-ऑफ-स्टेट. परराज्यातल्यांनाही स्थानिक दर लावावा की नाही, यावर मतं ढीगभर वाचली. मला हिशेब हवेत. किती भरले, का भरले, काही सुटले का? विद्यापीठावर राग असेल तर नाव न घेता काढा. आम्ही न्यू जर्सीत, मुलीला कॅलिफोर्निया हवंय आणि नवऱ्याची तिकडे बदली होऊ शकते, म्हणून विचारतेय.

प्लेनोकर

एमएसला टेक्ससमध्ये आलो तेव्हा रूममेटने बॅगा आत घ्यायच्या आधी विचारलं, "हजार मिळाले का?" मला वाटलं उसने मागतोय!

तर इथे कायद्यातच सोय आहे. स्पर्धेतून निदान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली, की विद्यापीठ परराज्यातल्या आणि परदेशातल्या विद्यार्थ्यालाही स्थानिक दर लावू शकतं. एकूण विद्यार्थ्यांच्या ५ टक्क्यांपर्यंतच, म्हणून मारामारी. मला पहिल्या वर्षी नाही मिळाली, दुसऱ्या वर्षी मिळाली. एज्युकेशन लोनची शेवटची उचल निम्मीच घेतली. बाबांना फोनवर तीनदा सांगावं लागलं की हजार मिळालेत, पण वाचलेत त्याहून कितीतरी जास्त.

सॅन होजेची आई

धागाकर्ती, तुमच्यासाठीच लिहितेय. आम्हीही न्यू जर्सीचेच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे आलो, मुलगी बारावीत. पुढच्या सप्टेंबरात कॉलेज. इथे इन-स्टेट दरासाठी पालकांचा एक वर्ष आणि एक दिवसाचा मुक्काम लागतो, शिवाय कायम राहायचा इरादा. मुक्काम दोनेक आठवड्यांनी कमी पडला, ते समजू शकते. पण इरादा?

मी मूव्हिंग ट्रकचं बिल नेलं, भाडेकरार नेला, गादीची पावतीसुद्धा नेली. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाईंनी सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "मग मिस्टरांनी न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स फेब्रुवारीपर्यंत का ठेवलं?" याचं खरं उत्तर "आळस" असं होतं, पण फॉर्मवर तसा रकाना नव्हता. आमचा इरादा फेब्रुवारीपासूनचा धरला. दोन टर्म आउट-ऑफ-स्टेट भरल्या, तिसरीपासून इन-स्टेट. डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स ऑफिसच्या रांगेचा तो एक दिवस आम्हाला भारतात दोनदा जाऊन येण्याइतका महाग पडला.

एकविसावं

मी पाच वर्षांची असताना आले. किंडरगार्टन ते बारावी एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये. आई-बाबांचं घर, प्रॉपर्टी टॅक्स, सगळं त्याच काउंटीत. कॉलेजची पहिली अडीच वर्षं इन-स्टेट. मग एकविसावा वाढदिवस आला. त्या दिवशी एच-४, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा, संपतो. ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग केवढी आहे ते इथे कुणाला सांगायला नको. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा घेतला.

पुढच्या टर्मचं बिल उघडलं तर नावापुढे "नॉन-रेसिडेंट". पत्ता तोच, बेडरूम तीच, गावच्या लायब्ररीचं कार्ड सातव्या वर्षी काढलेलं. ऑफिसातल्या माणसाने शांतपणे समजावलं, एफ-१ म्हणजे शिकून परत जाणार, असं तुम्हीच लिहून दिलंय. परत कुठे? ठाण्याला? तिथे मी मे महिन्यात तीन आठवडे आंबे खायला जाते.

बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री प्रॉपर्टी टॅक्सच्या पावत्यांची फाइल काढून बसले होते. कुणाला दाखवणार होते, देव जाणे. शेवटी मी एक टर्म जास्त विषय घेऊन लवकर संपवलं.

सगळ्या राज्यांत असं होत नाही, काही ठिकाणी तिथल्या हायस्कूलची वर्षं मोजतात. माझ्या वर्गात इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेली एक मुलगी होती, तिला आमच्या राज्याच्या कायद्याने इन-स्टेट मिळत होतं. आमच्या ग्रुपवरचे काका-काकू यावर फार तापतात. मला तिचा राग कधी आला नाही. तीही इथलीच, मीही इथलीच.

प्लेनोकर

@एकविसावं, कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी तसा कायदा देशात पहिल्यांदा आमच्या टेक्ससने केला, २००१ मध्ये. जून २०२५ मध्ये कोर्टाने तो थांबवला. माझ्या ऑफिसातल्या एकाची भाची त्यात सापडली.

सॅक्रामेंटोकर

थोडं टोचेल. १९ वर्षं या राज्यात टॅक्स भरतोय, मुलाला हवा तो कॅम्पस मिळाला नाही. यूसीने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) २०१७ मध्ये बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली, पण बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, अर्व्हाइन आधीच त्याच्या वर होते, त्यांचं तेव्हा होतं तेवढं राहू दिलं. आणि २०२५ ला नव्याने आलेला बाहेरचा मुलगा स्थानिक फीवर ३७,६०२ डॉलर जादा देतो. ते सोडून दिले तर खड्डा कोण भरणार? आम्हीच.

पण बायकोचं म्हणणं उलट. तो जादा देतो म्हणून तर हवाहवासा वाटतो, दर सारखा असता तर आपल्याच पोराला घेतलं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बेळगावकर

मी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलं ते सीमाभागाच्या "ई" प्रकारातून. दहावी-बारावी सीमाभागातली आणि मातृभाषा मराठी, दोन्हींचे दाखले. आता ओहायोत मुलासाठी पुन्हा आम्ही इथलेच याचे पुरावे गोळा करतोय. मातृभाषा तेवढी विचारत नाहीत.

मिनियापोलिसकर

आमचं फार सोपं झालं. मिनेसोटा-विस्कॉन्सिनचा १९६० च्या दशकापासून फीचा करार आहे, मुलगी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला जवळपास घरच्या दरात शिकली. फक्त अर्ज वेगळा करावा लागतो, आपोआप होत नाही.

धागाकर्ती

@सॅन होजेची आई, पहिलं वर्ष आमचं गेल्यातच जमा. दुसऱ्यासाठी नवऱ्याला सांगून ठेवलंय, तिकडे उतरलास की आधी डीएमव्ही, गादी नंतर.