बाल्कनीतील नजर कोणाची?
बाल्कनी ही घरातून जग न्याहाळण्याची खासगी जागा आहे, हे मत मला अर्धेच पटते, कारण कठड्याशी उभा राहिलेला माणूस रस्त्यावरच्यांनाही दिसतच असतो. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या ‘बाल्कनी’ (१८६८-६९) या चित्रात हिरव्या कठड्यामागे बसलेली चित्रकार बेर्त मोरिसो आणि तिच्याजवळ उभे असलेले दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत, त्यांना काय दिसते आहे ते आपल्याला कळत नाही, आणि मागची खोली जवळजवळ काळोखात असल्यामुळे खासगी म्हणावे असे काहीच आपल्या हाती लागत नाही. त्यांच्याच काळातले फ्रेंच चित्रकार गुस्ताव कायबोत यांनी १८८० मध्ये नेमकी उलट बाजू रंगवली. त्यांच्या एका चित्रात बाल्कनीच्या लोखंडी नक्षीनेच कॅनव्हास व्यापला आहे आणि पॅरिसचा रस्ता केवळ फटींतून दिसतो. मला तरी हे मानेंपेक्षा धाडसी वाटते. खरोखर एकतर्फी नजर साधते ती अरबी वास्तुकलेतील मशरबियाच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या झाकलेल्या खिडकीच्या, लाकडी जाळीत. दिवसा आतला भाग बाहेरपेक्षा अंधारा असल्याने आतल्याला रस्ता दिसतो, पण रस्त्यावरच्याला आतले दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की मात्र हा हिशेब उलटतो.