मदत हवी आहे : जुन्या कचऱ्यातून क्लोराइड धुऊन निघण्याचे गणित कसे मांडावे?

नमस्कार. मुंबईतील देवनारसारख्या, १९२७ पासून वापरात असलेल्या कचराभूमीतून क्षार किती काळ झिरपत राहतील, याचा अंदाज मला पदव्युत्तर प्रकल्पासाठी बांधायचा आहे. त्यासाठी जुना कचरा उभ्या नळीत भरून वरून पाणी सोडले असता, झिरप्यातील (कचऱ्यातून झिरपून खाली आलेल्या पाण्यातील) क्लोराइड आरंभी झपाट्याने उतरले, पण नंतर आलेखाची शेपटी लांबतच गेली. प्लास्टिकच्या पिशव्यांना वळसा घालून पाणी मोठ्या फटींतून निघून जाते आणि ओल्या गठ्ठ्यांत अडकलेले क्षार केवळ विसरणाने (जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपोआप पसरत) सावकाश बाहेर येतात, असा माझा तर्क आहे. म्हणून सर्व पाणी एकजीव मिसळते असे मानणारे साधे समीकरण मला अपुरे वाटते. (नळीचा व्यास कचऱ्याच्या तुकड्यांच्या मानाने लहान आहे, हेही मान्य.)

वाहते आणि स्थिर पाणी वेगळे धरल्यास त्यांच्यातील देवघेवीचा गुणांक, म्हणजे क्षार एकातून दुसऱ्यात किती वेगाने जातात ते, कसा ठरवावा? पावसाळ्यातले चार महिने पाणी आणि पुढे आठ महिने कोरड, यामुळे तो बदलेल का? अमोनिया विघटनातून नव्याने तयार होत राहत असल्याने तूर्त बाजूला ठेवला आहे. पाण्याचा माग काढण्यासाठी ब्रोमाइड सोडून कोणी अशी चाचणी केली असल्यास नळीचा व्यास आणि पाणी सोडण्याचा वेग कृपया कळवावा.